नळी बदलली की रायफल बदलते का?

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं, तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी बोल, पंचवीस मिनिटं घे, राजकारण नको आणि तब्येतीच्या तक्रारी नकोत. आपल्या वयाच्या माणसाकडून या दोन गोष्टी काढून घेतल्या तर फारसं काही उरत नाही. माझं नशीब असं की माझ्याकडे एक विषय उरतो. सत्तावीस वर्षं मी आर्मरर होतो. आधी लष्करात ई.एम.ई.मध्ये, आणि पेन्शनीत निघाल्यावर पोलिसांच्या शस्त्रागारात. आर्मरर म्हणजे बंदुकांचा डॉक्टर असं लोक कौतुकाने म्हणतात. मी म्हणतो कंपाउंडर. औषध वरून ठरून येतं, बाटलीवर खुणा करायचं काम आपलं.

विषय असा, की जुनी लष्करी रायफल घ्यायची, ती ज्या काडतुसासाठी बनली ते सोडून तिला दुसऱ्या काडतुसावर आणायचं. ऐकायला हे शिवणयंत्राची सुई बदलण्याइतकं सोपं वाटतं. काल जेवताना आपल्यातल्याच एकाने मला विचारलं, "अरे, थ्री नॉट थ्रीची नळी काढून सेव्हन सिक्स्टी टूची बसवली, की झाली ना नवी रायफल? आपल्या इशापूरवाल्यांनी तेच तर केलं." हा प्रश्न मला तीस वर्षं विचारला जातोय. पोलीस अधिकाऱ्यांनी विचारलाय, पत्रकारांनी विचारलाय, एकदा तर एका न्यायाधीशसाहेबांनी साक्षीच्या वेळी विचारलाय. आज त्याचं उत्तर सावकाश देतो.

आधी एक आठवण करून देतो. या सभागृहातल्या एन.सी.सी.च्या सगळ्या मुलांनी रूपांतर केलेली रायफल चालवली आहे, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं. आपल्याला फायरिंगला ज्या पॉइंट टू टू रायफली मिळाल्या होत्या, त्यांतल्या काही आठवा. बाहेरून थेट थ्री नॉट थ्री. तेच आखूड नाक, तेच लाकूड, तेवढंच वजन. खांद्याला लावताना आपल्यातल्या किडकिडीत पोरांचे हात थरथरायचे. आणि आवाज मात्र फटाकडीचा! तेव्हा आपण हसायचो. ती मूळची खरीखुरी ली-एनफिल्ड, तिच्यात छोटी नळी बसवलेली, बोल्टचं डोकं बदललेलं. मॅगझिन नुसतं नावाला, आत एकेक काडतूस बोटाने सारायचं. सैनिकाला शिकवताना महागडं काडतूस न जाळता त्याच वजनाची, त्याच निशाणीची रायफल हाताळायला मिळावी म्हणून इंग्रजांनी ही युक्ती काढली होती. हे रूपांतर सोपं असतं, कारण मोठ्या ताकदीसाठी बांधलेल्या शरीरात तुम्ही लहान ताकद घालता. बैलगाडीला शेळी जुंपली तर गाडी मोडत नाही. प्रश्न उलट बाजूला येतो.

आता काडतूस. इथे मला फार शिकवावं लागणार नाही, कारण आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. १८६९ सालापासूनची ती फॅक्टरी. तिच्या भोंग्यावर आपल्या आया कणीक मळायला घ्यायच्या. थ्री नॉट थ्रीच्या पुंगळीच्या बुडावर 'के' आणि 'एफ' अशी अक्षरं ठोकलेली असायची, म्हणजे किरकी फॅक्टरी. पुढे नोकरीत देशाच्या ज्या कोपऱ्यात गेलो तिथे ती अक्षरं भेटली. ईशान्येला एका पावसाळी कोतमध्ये पेटी उघडली आणि वर 'के. एफ.' दिसलं, तेव्हा मला उगाच घरचं पत्र आल्यासारखं वाटलं होतं.

ते थ्री नॉट थ्रीचं काडतूस १८८८ सालचं. म्हणजे मुळात ते काळ्या दारूसाठी आखलेलं आहे. कॉर्डाइट तीन-चार वर्षांनी आलं. काळी दारू जागा फार खाते, म्हणून पुंगळी लांब, ५६ मिलिमीटरची, निमुळती आणि बुडाला बाहेर आलेली कड. आतलं कॉर्डाइट कुणी पाहिलंय? बारीक शेवया! आणि ७.६२ चं काडतूस १९५४ साली नाटो देशांनी मान्य केलेलं. पुंगळी ५१ मिलिमीटर, जाडसर, बुडाला कड नाही, फक्त खाच. गंमत बघा. नळीचं माप इंचात काढलं तर एक .३०३ आणि दुसरी .३००. फरक इंचाच्या तीन हजारांशाचा. जुनी गोळी १७४ ग्रेनची, सेकंदाला सुमारे २४४० फूट. नवी गोळी साधारण १४५ ग्रेनची, सुमारे २७५० फूट. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी शिकवलेलं सूत्र लावून गतिज ऊर्जा काढा. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ येतात, नवी थोडी पुढे.

मग माणूस म्हणतो, नळी जवळपास तेवढीच, काम जवळपास तेवढंच, अडचण काय? अडचण भांड्याची आहे. मोठ्या पातेल्यात तासभर शिजणारी डाळ तुम्ही छोट्या कुकरमध्ये दहा मिनिटांत शिजवता, तेव्हा डाळ तीच असते, पण झाकणावरचा जोर तो नसतो. ७.६२ लहान पुंगळीतून तेवढंच काम काढतं, ते जास्त दाबावर. आणि तो दाब पुंगळीचं बूड मागे ढकलतो. मागे काय आहे? बोल्ट. बोल्टच्या मागे काय आहे? चालवणाऱ्याचा डोळा.

इथे ली-एनफिल्डच्या स्वभावाकडे यावं लागतं. जगात बोल्टच्या रायफलींची दोन मोठी घराणी. जर्मन माउझरचा बोल्ट पुढच्या टोकाला, पुंगळीच्या अगदी लगत अडकतो. लीचा बोल्ट मागच्या टोकाला अडकतो. दाराला कोणी धक्के मारतंय अशी कल्पना करा. माउझरवाला दाराला लगेच कडी घालतो. लीवाला समोरच्या भिंतीपासून दारापर्यंत एक लांब बांबू टेकवतो. बांबू मजबूत असला तरी धक्क्याला किंचित दबतो, भिंतही किंचित हलते. थ्री नॉट थ्रीच्या धक्क्याला हे सगळं चालून जातं. उलट मागे अडकल्यामुळे बोल्ट कमी फिरवावा लागतो, हात पटकन परत येतो, म्हणून ही रायफल जगातल्या सगळ्यात जलद चालणाऱ्या बोल्ट रायफलींपैकी एक. इंग्रजी शिपायाकडून मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्यांची अपेक्षा असे. पण धक्का वाढवलात की तोच बांबू जास्त दबणार. एकदा दबून परत सरळ झाला तर ठीक. हजारदा दबला आणि केसभर तसाच राहिला, तर पुंगळीच्या मागे फट पडली.

या फटीला आम्ही हेडस्पेस म्हणतो. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. थ्री नॉट थ्रीचं काडतूस चेंबरमध्ये आपल्या कडेवर टेकतं, वरणाची वाटी ताटाच्या भोकात कडेवर अडकावी तसं. बोल्टचं डोकं आणि ती टेकायची जागा यांतलं अंतर आम्ही इंचाच्या हजारांशात मोजतो. चौसष्ट हजारांशाचं गेज आत गेलं पाहिजे, चौऱ्याहत्तरच्या गेजवर बोल्ट बंद होता कामा नये. मधली दहा हजारांशाची जागा, पोस्टकार्डाच्या जाडीइतकी. बस्स. तिच्यात शिपायाचा जीव. ७.६२ ला कड नाही, ते खांद्यावर टेकतं, नरसाळ्यात उलटी बाटली टेकावी तसं. म्हणजे नवी नळी बसवताना मोजायची जागाच बदलली. कड धरून ओढणाऱ्या जुन्या नखीला आता खाच पकडायची आहे, म्हणून नखी वेगळी. कडा एकमेकींत अडकू नयेत म्हणून मॅगझिन तिरकं होतं. आता कडाच नाहीत, म्हणून ते चौकोनी झालं. पुंगळी बाहेर फेकायची तऱ्हाही तपासावी लागते. "नुसती नळी बदलली" हे वाक्य इथेच संपतं.

आता इशापूर.

बासष्टच्या नोव्हेंबरात आपण कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला होतो, काही जण नोकरीला लागले होते. रेझांग लावर १३ कुमाऊँच्या जवानांच्या हातात थ्री नॉट थ्री होती, समोरून स्वयंचलित शस्त्रं. ती बातमी इथे कशी पोहोचली, आपल्या आयांनी सोनं कसं काढून दिलं, स्वेटर कसे विणले, हे मी सांगायला नको. त्यानंतर दोन गोष्टी एकदम हव्या झाल्या. एक, सेल्फ लोडिंग रायफल. दुसरी, सगळ्या सैन्याला एकच नवं काडतूस. एस.एल.आर. इशापूरला बनू लागली, पण नवं यंत्र बसवून लाखोंच्या हातात नवी रायफल जायला वर्षं लागतात. पासष्टच्या लढाईतही पुष्कळ पलटणींकडे थ्री नॉट थ्रीच होती. काडतुसांची बाजू आपल्या महाराष्ट्राकडे आली. खडकी होतीच, शिवाय १९६४ साली भुसावळजवळ वरणगावला नवी फॅक्टरी उभी राहिली. आपल्याच वर्गातले दोघे तिकडे बदलून गेले, ते समोर बसलेत, त्यांना वरणगावच्या उन्हाबद्दल स्वतंत्र भाषण द्यायला सांगा.

मधल्या काळासाठी इशापूरने ज्या रायफली काढल्या त्या २ए आणि नंतरची २ए१. ७.६२ च्या, बोल्टच्या. दोन्हींत डोळ्यांना दिसणारा फरक मागच्या निशाणीच्या पट्टीचा. आधीची २००० पर्यंत आकडे असलेली, नंतरची ८०० मीटरपर्यंतची. दोन हजारांवर निशाण धरणारा शिपाई कोणी पाहिला होता? कुणीतरी शहाण्या माणसाने पट्टी आखूड केली.

आणि इथेच तो गैरसमज आहे. या जुन्या थ्री नॉट थ्री नव्हेत. घाट जुना, ली-एनफिल्डच्या एक नंबर मार्क तीनचाच, म्हणजे १९०७ सालचा. इशापूरच्या कामगारांच्या हातांत तो घाट बसलेला होता, गेजेस, जिग्ज, यंत्रं त्याचीच. पण बॉडी नव्या, जास्त ताकदीच्या पोलादाची, बोल्टही तसाच, नळी नवी, नखी नवी, चौकोनी मॅगझिन नवं, बटाच्या टोकाची पट्टी एस.एल.आर.सारखी. बाहेरून बघणाऱ्याला जुनी ओळखीची बाई दिसते, आतली हाडं वेगळी आहेत. म्हणजे इशापूरने जुन्या रायफलींना नव्या काडतुसावर आणलं नाही. जुन्या आराखड्याला आणलं. हा फरक मला फार मोठा वाटतो, आणि त्याचं श्रेय आपल्याकडे कोणी देत नाही. घाई होती, पैसा नव्हता, कोतींमध्ये जुन्या रायफलींचे ढीग होते. नळ्या बदला आणि वाटून टाका, असं म्हणणं फार सोपं होतं.

इंग्रजांनी मात्र खरोखरीचं रूपांतर केलं, पण त्यांच्याकडे पुढची आवृत्ती होती, चार नंबरची, तिची बॉडी जास्त भक्कम. तीही साध्या शिपायासाठी बदलून पाहिली, अचूकतेत समाधान झालं नाही. मग त्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या निवडक दुर्बिणीच्या रायफली घेतल्या, त्यांवर जाड, जड ७.६२ ची नळी चढवली, लाकूड पुढून कापलं. १९७० पासून ती त्यांची स्नायपर रायफल, एल४२ए१. १९८२ ला फॉकलंडमध्येही तीच होती. निवडून घेतलेल्या थोड्या रायफली, एकेक हाताने जुळवलेली. ते शिंप्याचं काम. इशापूरचं काम मिलचं. दोन्हींची तुलना करताना लोक हे विसरतात. इस्रायलने जर्मन माउझर ७.६२ वर आणल्या, स्पेननेही त्यांच्या जुन्या माउझर आणल्या. ज्याच्या कोतीत जे होतं त्याने त्यातून मार्ग काढला.

आपल्याकडे उलट्या दिशेचं एक रूपांतरही झालं होतं, त्याबद्दल आपल्या पुस्तकांत काही नसतं. इंग्रजी अमलात इशापूरलाच थ्री नॉट थ्रीचे आटे काढून टाकून तिला गुळगुळीत नळीची, फोर टेनची मस्कट बनवत. मॅगझिनमध्ये लाकडाचा ठोकळा, एका वेळी एकच काडतूस. तुरुंगाचे पहारेकरी आणि पोलीस यांच्यासाठी. कारण उघड होतं. हिंदी पोलिसाच्या हातातली बंदूक उद्या उलटली किंवा पळवली, तर तिच्यात लष्कराचं काडतूस चालू नये. म्हणजे सरकारने स्वतःच्या पोलिसावरच्या अविश्वासाचं माप काढून ते नळीत कोरलं होतं. गोरे गेले, पण ती मस्कट पोलिसांच्या हातात पुढे कितीतरी वर्षं राहिली. मी स्वतः त्या साफ केल्यात. शिकाऱ्यांच्या थ्री फिफ्टीनचीही गोष्ट त्याच घराण्यातली. लष्करी काडतूस खासगी माणसाकडे नको, म्हणून वेगळ्या काडतुसाची स्पोर्टिंग रायफल.

आता मघाचा शब्द, हेडस्पेस.

पोलिसांत असताना एका जिल्ह्यात निवडणुकीच्या बंदोबस्ताआधी मी रायफली तपासत होतो. जिल्हा सांगत नाही. थ्री नॉट थ्री होत्या, चांगल्या वयस्कर. प्रत्येक बोल्टवर त्याच्या रायफलीचा नंबर असतो, कारण बोल्ट त्या बॉडीला घासून जुळवलेला असतो. नवऱ्याची चप्पल शेजाऱ्याला येईल, पण हा बोल्ट त्या रायफलीला नाही. शिपाई दहा रायफली एकदम सोडून रॉकेलच्या डब्यात बोल्ट टाकतात, चिंदी फिरवतात आणि हाताला येईल तो बोल्ट हाताला येईल त्या रायफलीत. दोष त्यांचा कसा म्हणू? त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. त्या दिवशी एका रायफलीने चौऱ्याहत्तरचं गेज गिळलं. बोल्ट लोण्यासारखा बंद झाला. मी ती बाजूला ठेवली. मग दुसरी सापडली. मग मी सगळ्यांचेच नंबर बघायला लागलो.

साहेब आले. चांगला माणूस होता, पण दुसऱ्या दिवशी पहाटे गाड्या निघायच्या होत्या आणि त्यांना आकडा पुरा करायचा होता. म्हणाले, "या रायफली दर वर्षी फायरिंगला जातात. कधी काही झालं नाही. सही करा." मी म्हटलं, "साहेब, सही माझी आणि डोळा शिपायाचा. बदली करा, सही होणार नाही." आवाज चढला. माझी मुलगी तेव्हा दहावीला होती, बदलीचा अर्थ मला चांगला कळत होता.

शेवटी मीच म्हटलं, चालवून बघू. रायफल दोन जुन्या टायरांमध्ये घट्ट बांधली, घोड्याला दोरी लावली, सगळ्यांना भिंतीमागे घेतलं. पहिली गोळी गेली. दुसरी गेली. साहेब माझ्याकडे बघायला लागले. तिसऱ्या गोळीनंतर बोल्ट उघडला तर पुंगळीचं नुसतं बूड बाहेर आलं. वरचा भाग तुटून चेंबरमध्येच राहिला होता. बूड मी साहेबांच्या तळहातावर ठेवलं. त्याच्यावर 'के. एफ.' होतं. काडतुसाचा काडीचा दोष नव्हता. ते आपल्या कुणाच्या तरी वडिलांच्या हाताखालून गेलेलं, व्यवस्थित काडतूस होतं. मागे फट असल्यामुळे पितळ ताणलं गेलं आणि फाटलं. त्या दिवशी पुंगळीतून सुटलेला वायू फारसा मागे आला नाही. दर वेळी असं होत नाही.

साहेबांनी काही न बोलता त्या रायफली वगळायचा आदेश लिहिला. तितकी माणसं त्या बंदोबस्ताला लाठी घेऊन गेली. माझी बदली तीन महिन्यांनी झालीच, पण ती याच कारणाने झाली असं मी म्हणणार नाही. मुलीची दहावी तोवर संपली होती.

हे मी का सांगितलं? ही थ्री नॉट थ्री होती, तिच्या स्वतःच्या काडतुसावर चाललेली. तिच्या हयातीतला प्रत्येक धक्का तिला झेपेल असा होता, तरीही नुसता बोल्ट चुकला आणि पुंगळी फाटली. आता अशाच एखाद्या वयस्कर बॉडीवर ७.६२ ची नळी चढवा, आणि तिला तिच्या आयुष्याच्या शेवटी रोज जास्त दाबाचे धक्के द्या. म्हणून इशापूरने पोलाद बदललं ते मला शहाणपणाचं वाटतं. आणि म्हणून प्रत्येक रायफलीचं प्रूफ होतं. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस मुद्दाम चालवतात, एक कोरडं आणि एक तेल लावलेलं. तेल कशाला? कोरडी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, थोडा भार भिंत घेते. तेल लावलं की ती घसरते आणि सगळा भार बोल्टवर. पावसात ओल्या काडतुसाने हेच होतं. कोकणात ड्यूटी केलेल्या जुन्या हवालदारांना माहीत असतं, की भर पावसात थ्री नॉट थ्रीची गोळी वर लागते. ती का, हे त्यांना कोणी समजावलं नव्हतं, पण ते निशाण खाली धरायचे. प्रूफ झाल्यावर परत गेज. मापात वाढ दिसली तर ती रायफल बाद.

सव्वीस अकरानंतर मला ओळखीच्या प्रत्येकाने विचारलं की आपल्या पोलिसांच्या हातात सीएसटीवर थ्री नॉट थ्री का होती. मी त्यावर इथे भाषण करणार नाही, राजकारण नको असं बजावलेलं आहे. एवढंच सांगतो, की एका शिपायाने ए.के. ४७ समोर बोल्टची रायफल खांद्याला लावली होती, आणि तिचं हेडस्पेस बरोबर असणं हा त्याचा किमान हक्क होता. तेवढी जबाबदारी आमची. बाकी मोठ्या लोकांची.

आता दोन व्यवहाराच्या गोष्टी. आपल्यातल्या एकाच्या गावी आजोबांची जुनी परवान्याची रायफल आहे, काडतुसं मिळत नाहीत, कुणी लेथवाला "करून देतो" म्हणतोय. मित्रा, तुझं नाव घेत नाही, पण तू तिसऱ्या रांगेत बसला आहेस. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक बनवायलाच नाही, दुरुस्त करायला, बदलायला आणि तिचं प्रूफ घ्यायलाही परवाना लागतो. शिवाय थ्री नॉट थ्री आणि ७.६२ ही दोन्ही प्रतिबंधित बोअर. कायदा बाजूला ठेव. त्या लेथवाल्याकडे गेज आहे का विचार. प्रूफची काडतुसं आहेत का विचार. पहिली गोळी तो स्वतः खांद्याला लावून मारेल का, हेही विचार. परवान्यावर कुणाचं नाव आहे ते बघून पोलीस ठाण्यात जाऊन ये, मी बरोबर येतो.

दुसरी गोष्ट शाळेतली. एन.सी.सी.च्या खोलीत दोन जुन्या परेडच्या रायफली निघाल्या आहेत. समारोपाला त्यांतून खाली राऊंडची सलामी द्यावी अशी एक कल्पना निघाली होती. उत्साह मला समजतो, पण त्या रायफलींच्या लाकडावर पांढरा पट्टा आहे आणि बॉडीवर 'डी. पी.' कोरलंय, म्हणजे ड्रिल पर्पज. चेंबरला भोक पाडलेलं आहे. त्या कवायतीसाठी राखून ठेवलेल्या आहेत, त्यांत कोणतंही काडतूस घालायचं नाही, खाली राऊंडसुद्धा नाही. सलामी टाळ्यांची द्या. आणि त्या बटालियनच्या नोंदीत आहेत का, ते शाळेने एकदा लेखी विचारून घ्यावं. पत्राचा मसुदा मी करून ठेवलाय.

त्यांतली एक इशापूरची आहे. लाकडात आरपार एक जादा स्क्रू दिसेल. आपल्या हवेत लाकूड तडकू नये म्हणून इशापूरवाले तो टाकत, परदेशात संग्राहक त्याला 'इशापूर स्क्रू' म्हणूनच ओळखतात. ज्यांना बघायचा असेल त्यांनी चहानंतर खोली नंबर अकरामध्ये या. बाईंना खुर्ची लागेल, कुणीतरी आधी नेऊन ठेवा.